नांदायला पाठवण्यापूर्वी

नवऱ्याच्या दारूपायी माहेरी परतलेल्या लेकीसाठी आपल्याकडे जी पहिली व्यवस्था होते, ती बैठकीची. धाराशिव जिल्ह्यात, मग तो परांड्याकडचा सीनाकाठ असो की उमरग्याकडचा सीमाभाग, या बैठकीचे स्वरूप फारसे बदलत नाही. दोन्हीकडचे मामा येतात, गावातील एखादा वजनदार माणूस मध्यस्थ असतो आणि ‘तुमचे ऐकतील’ म्हणून आपल्यापैकी एखाद्या कार्यकर्त्यालाही आग्रहाने बोलावले जाते. जावई त्या दिवशी न पिता आलेला असतो. तो खाली मान घालून बसतो, देवीचे कुंकू कपाळाला लावून आई तुळजाभवानीची शपथ घेतो, चहा होतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने लेक पुन्हा नांदायला जाते. एक संसार वाचवला, या समाधानात मध्यस्थ मंडळी घरोघरी परततात.

या बैठकीत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. याची दारू सुटावी म्हणून उद्या सकाळपासून नेमके काय करायचे ठरले? आणि ती सुटेपर्यंत या बाईने व तिच्या लेकरांनी कोठे, कशाच्या आधारावर राहायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे नसताना झालेला समेट महिना-दोन महिन्यांत मोडतो, आणि दुसऱ्या वेळी ती माहेरी येते तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे मामाही थकलेले असतात. ‘एकदा मिटवून दिले होते’ हे वाक्य मग तिच्याच विरुद्ध वापरले जाते.

कुटुंब प्रबोधन हा विषय आपल्या कामात आज अग्रभागी आहे. एकत्र भोजन, एकत्र भजन, घरातील संवाद या गोष्टी आपण आग्रहाने सांगतो आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु ज्या घरात संध्याकाळी सातनंतर मुले दाराकडे कान लावून बसतात, बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज काय होणार याचा अंदाज घेतात, त्या घराला एकत्र भोजनाचा उपदेश कसा करणार? माझे मत असे की, कुटुंबाचा विचार करणाऱ्यांनी आपले काम तपासायचे असेल, तर ते या घराच्या उंबऱ्यावर तपासावे. तेथे ‘दोघांना पुन्हा एकत्र आणले’ ही यशाची एकमेव खूण मानणे आता थांबवले पाहिजे.

प्रथम व्यसनाविषयी. शपथ घेणारा तो माणूस बहुतेक वेळा खोटारडा नसतो, त्या क्षणी तो मनापासूनच बोलत असतो. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याच्या शरीराला दारूची सवय जडलेली असते आणि ती अचानक तोडली की हातपाय थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते, काहींना भास होऊ लागतात. हा काळ वैद्यकीय देखरेखीवाचून जिवावर बेतू शकतो. जगाच्या आरोग्यशास्त्राने व्यसनाधीनतेला आजार मानून कित्येक दशके लोटली, पण आपल्याकडे अजूनही ती केवळ चारित्र्याची उणीव समजली जाते. आजार म्हटल्याने त्या माणसाची जबाबदारी संपत नाही. मधुमेह झालेल्याने पथ्य पाळायचे असते, तसे यानेही पाळायचे असते. पण पथ्य सांगायला वैद्य लागतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीत आढळले की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. उरलेले ३७ शपथांवर होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

शपथेचा मार्ग फसला की दुसरा मार्ग पुड्यांचा. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तालुक्याच्या बसस्थानकाच्या भिंतीवर आणि आता भ्रमणध्वनीवरही दिसतात. बिचारी बायको पदरचे पैसे खर्चून ती पूड नवऱ्याच्या चहात किंवा भाजीत मिसळते. अशा पुडीत काय असते, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. दारू नकोशी करणारे जे औषध डॉक्टर देतात, ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याची संमती घेऊन द्यायचे असते. कारण ते पोटात असताना माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. नकळत असे काही देणे हा उपचार नव्हे, आणि दुर्दैवाने काही विपरीत घडलेच तर दोष त्या माउलीच्याच माथी येतो. आपल्या शाखा-शाखांतून आणि महिला मंडळांतून ही एक गोष्ट जरी सर्वत्र पोहोचली, तरी पुष्कळ काम होईल.

माळ घालून दारू सोडलेली माणसे मात्र आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. माळेसोबत त्या माणसाला भजनी मंडळ मिळते. रोज संध्याकाळी, नेमक्या पिण्याच्या वेळी, जाण्यासाठी एक जागा मिळते, सप्ताहात जबाबदारी मिळते, वारीत सोबत मिळते. अमेरिकेत १९३५ साली दोन व्यसनी माणसांनी एकमेकांना सावरण्यासाठी जी सभा सुरू केली, तीच पुढे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या नावाने जगभर गेली. तिच्या मुळाशी हीच साधी गोष्ट आहे, एकट्याने न झुंजता समदुःखी माणसांत जाऊन बसणे. फरक एवढाच की, त्या चळवळीला थोड्याच वर्षांत कळून चुकले, व्यसनी माणसाइतकीच त्याच्या घरच्यांनाही बसायला जागा हवी. म्हणून १९५१ साली व्यसनी माणसांच्या पत्नींनी आणि नातलगांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. आपल्या भजनी मंडळात माळकऱ्याला जागा आहे. त्याच्या बायकोने गेल्या पंधरा वर्षांत जे सोसले, ते सांगायला तिला अशी जागा कोणती?

महाराष्ट्रात हा विचार रुजवण्याचे श्रेय पुण्याच्या मुक्तांगणला द्यावे लागते. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांनी देऊ केलेल्या आर्थिक साहाय्यातून, १९८६ साली हे केंद्र उभे केले. तेथे रुग्णाच्या उपचाराबरोबर त्याच्या पत्नीला बोलते करणारा ‘सहचरी’ हा गट चालतो. व्यसनी माणसाची बायको हळूहळू पोलीस होऊन जाते, हे या कामात असणाऱ्यांना ठाऊक आहे. ती खिसे तपासते, बाटल्या शोधते, उधारी फेडते, नवरा कामावर का आला नाही याची खोटी कारणे मालकाला सांगते, आणि या साऱ्यात तिचे स्वतःचे जगणे पार हरवते. ‘त्याच्या पिण्याला तू कारण नाहीस’ हे एक वाक्य ऐकायला तिला आयुष्याची कित्येक वर्षे थांबावे लागते. सासर तिला ऐकवते ते नेमके याच्या उलट असते.

पुणे येथून दूर आहे. आणि धाराशिवची एक गोष्ट पुण्याच्या नमुन्यात बसत नाही.

कळंब, वाशी, भूम, परांडा या बालाघाटाच्या पट्ट्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेथे मजुरीचे माप माणसावर नसते, जोडीवर असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि बहुतांश ती नवऱ्याच्या हातात पडते. हंगामापूर्वीच तिचा मोठा वाटा लग्नकार्यात, जुन्या देण्यात आणि दारूत संपलेला असतो. फेडायची मात्र दोघांनी. पहाटे चारला फडात जायचे ते दोघांनी, आणि नवरा तर्र होऊन कोपीत पडला तर तिने दुप्पट तोडायचे. अशा बाईला ‘तू वेगळी राहा’ असे कोणी शहाणपणाने सांगितले, तरी ती कशी राहणार? ती निघाली की कोयता मोडतो, मुकादम उचल मागायला तिच्या माहेरच्या दारात उभा राहतो, आणि एकटीला ‘अर्धा कोयता’ म्हणून कोणी सहजासहजी टोळीत घेत नाही. येथे विवाहबंधनाच्या बरोबरीने उचलीचेही बंधन आहे. कोर्टात फारकत मिळेल, पण मुकादमाच्या वहीतून सुटका कोण देणार?

म्हणून आपल्या जिल्ह्यात व्यसनग्रस्त कुटुंबांना आधार देणाऱ्या संस्थेचे कॅलेंडर शहरातील संस्थेसारखे असून चालणार नाही. माणसे गावात असतात ती साधारण वैशाखापासून दसऱ्यापर्यंत. उपचाराला नेणे, घरच्यांच्या बैठका, कागदपत्रे, मुलांची सोय ही सारी कामे त्या पाच-सहा महिन्यांत उरकायला हवीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली आणली. घरात दारू आहे, अशा मुलांना तेथे प्राधान्याने पोहोचवणे हे कोणत्याही कार्यकर्त्याच्या हातचे काम आहे. त्यासाठी व्याख्यान द्यावे लागत नाही.

आता सर्वांत अवघड मुद्दा, विभक्त राहण्याचा. आपल्यापैकी अनेकांना हा शब्द उच्चारणेही रुचत नाही. घटस्फोटाचे पेव फुटल्याच्या बातम्या वाचून मन विषण्ण होते, हे खरे. पण शहरातील, क्षुल्लक कारणावरून वर्षभरात मोडणारा विवाह आणि बारा वर्षे मार खाऊन तीन लेकरांसह माहेरी आलेली लोहाऱ्याची बाई, या दोन गोष्टींना एकच नाव देणे हा अन्याय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे दिसले की, ज्यांचे पती वारंवार नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसला होता. न पिणाऱ्यांच्या पत्नींमध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. (तेही काही अभिमानाने सांगावे असे नाही.) हे आकडे समोर असताना बाईला परत पाठवणारा मध्यस्थ केवळ सदिच्छेवर विसंबून राहू शकत नाही.

कायद्याने येथे मधली वाट ठेवलेली आहे, ती फारशी वापरली जात नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातील दहाव्या कलमात न्यायिक विभक्ततेची तरतूद आहे. तीत विवाह कायम राहतो, एकत्र राहण्याचे बंधन तेवढे उठते, आणि सुधारणा झाली तर पुन्हा एकत्र येण्याचे दार उघडे असते. दारू पिणे हे या कायद्यात स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेले नाही, परंतु दारूपायी होणारा छळ ‘क्रूरता’ म्हणून न्यायालयापुढे मांडता येतो. त्याहून महत्त्वाचा २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन विकून टाकणे यांसही तो अत्याचार मानतो. आणि त्यातील एक तरतूद तर प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावी अशी आहे. राहत्या घरातून बाहेर जाण्याचा आदेश दंडाधिकारी त्या पुरुषालाच देऊ शकतात. आजवर आपण ‘घर कोणी सोडायचे’ हा प्रश्नच विचारला नाही, ते बाईनेच सोडायचे हे गृहीत धरले. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. हेही बहुतेक घरांना ठाऊक नाही.

परंपरेचा दाखला हवा असणाऱ्यांनी तेरला जावे. धाराशिवपासून जवळच्या या गावी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. चिखल तुडवताना विठ्ठलनामात देहभान हरपले आणि रांगते बाळ पायाखाली आले, ही कथा आपण सारे ऐकत आलो. तिचा पुढचा भाग कीर्तनात थोडक्यात उरकला जातो. पुत्रशोकाने संतापलेल्या संतीने आपल्या अंगाला हात न लावण्याची विठ्ठलाची शपथ पतीला घातली, आणि गोरोबांनी ती अक्षरशः पाळली. एका घरात राहूनही दोघे वेगळे झाले. भक्ती आणि दारू यांची तुलना मी करीत नाही, तसा गैरसमज कोणी करून घेऊ नये. सांगायचे एवढेच की, दुखावलेल्या पत्नीने घातलेली मर्यादा पतीने मानणे आपल्या संतकथेला परके नाही. त्या कथेत संतीला कोणी कुलबुडवी म्हटलेले नाही.

प्रत्यक्ष अनुभवही तोच आहे. दारूचे परिणाम जोवर बायको झेलते, उधारी ती भागवते, ओकारी ती पुसते, तोवर पिणाऱ्याला थांबण्याचे कारण उरत नाही. ती काही काळ दूर झाली आणि तिच्यामागे समाज उभा आहे हे दिसले की उपचाराला नकार देणारा माणूस पुष्कळदा स्वतःहून चौकशी करू लागतो. सर्वच करतात असे नाही. जे करीत नाहीत, त्यांच्या लेकरांनी मात्र त्यांची वाट पाहत कुढत राहावे, हे कोणत्या संस्कृतीत बसते?

या कामाचे धडे दूर जाऊन शिकावे लागत नाहीत. संगमनेरला १९८८च्या मार्चमध्ये निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हा ‘टाकलेली’ हा शब्द प्रथमच समाजापुढे प्रश्न म्हणून आला. कळंबच्या शेजारी, अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांच्या ‘मानवलोक’ने आणि शैला लोहिया यांच्या ‘मनस्विनी’ने अशाच स्त्रियांना निवारा, सल्ला आणि रोजगार दिला. ही माणसे विचाराने आपल्या छावणीतील नव्हती. त्याने त्यांच्या कामाचे मोल उणे होत नाही, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन चार दिवस बसण्यात कमीपणाही नाही. आपल्याच जिल्ह्यात, अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’च्या माध्यमातून गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. रात्री कोणत्या घरात काय झाले, हे अशा बाईला सकाळी पाणवठ्यावर कळते. कचेरीतील समुपदेशकाला ते सहा महिन्यांनी कळते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी जो विशेष कक्ष काढला, तो प्रयोग पुढे राज्यभर गेला, आणि त्याच संस्थेचे ग्रामीण संकुल तुळजापुरात आहे. यमगरवाडीचा प्रकल्प तर आपल्या वाचकांना घरचाच. १९९३ साली सुरू झालेल्या त्या कामाची एक गोष्ट येथे आठवावी. पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांना तेथे जवळ केले, तेव्हा ‘आधी आईबापांनी सुधारावे’ अशी अट कोणी घातली नव्हती. दारूग्रस्त घरातील मुलांच्या बाबतीत मात्र नकळत आपण ती घालतो. बाप सुधारला की सारे ठीक होईल, असे म्हणून मुलांचा विचार लांबणीवर टाकतो.

दारूबंदीचे काय, असे विचारले जाईल. वर्धा १९७५पासून आणि गडचिरोली १९९३पासून बंदीखाली आहे. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१ साली उठवली गेली. राज्याच्या तिजोरीला उत्पादन शुल्काची गोडी लागलेली असताना, कोणत्याही पक्षाचे सरकार असो, सार्वत्रिक बंदीची आशा मी बाळगत नाही. गावातील दुकान महिलांच्या मतदानाने बंद करण्याची ‘आडव्या बाटली’ची तरतूद आहे. तिच्यासाठी एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. ती लढाई जेथे शक्य तेथे अवश्य लढावी. पण दुकान बंद झाले तरी शेजारच्या गावी हातभट्टी असते, आणि २०२५ साली प्रत्यक्ष तुळजापुरात अमली पदार्थांचे जे प्रकरण उघड झाले, त्यावरून संकट कोणत्या वळणाने येते हे आपण पाहिले. बंदीची वाट पाहत बसलेल्या घराला आज रात्रीचे उत्तर हवे असते.

ते उत्तर फार खर्चाचे नाही. तालुक्याच्या गावी एक खोली, आठवडी बाजाराच्या दिवशी उघडी. बाजारासाठी म्हणून निघालेल्या बाईला घरी कारण द्यावे लागत नाही, एवढ्यासाठी बाजाराचा दिवस. तेथे एक प्रशिक्षित भगिनी, दारू सोडून काही वर्षे झालेला एक पुरुष आणि महिन्यातून दोनदा येणारा वकील. पुरुषाची गरज अशासाठी की, पिणाऱ्याशी बोलताना न पिणाऱ्याचा उपदेश कामाला येत नाही. खोलीत शासनाच्या १८१ आणि १४४४६ या मदतक्रमांकांचा फलक असावा, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे दिवस लिहिलेले असावेत, आणि कोणी आली म्हणून गावात बोलबाला होणार नाही एवढी शिस्त असावी. ही शेवटची अट सर्वांत कठीण. सेवाकार्याची छायाचित्रे काढण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या खोलीच्या दाराबाहेर ठेवावी लागेल.

आणि बैठकांना बोलावणे येईल तेव्हा जावेच. मात्र जाण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. जावई उपचाराला कोणत्या तारखेला, कोणाबरोबर जाणार. तो परत येऊन किमान काही महिने सावध राहीपर्यंत लेक कोठे राहणार. यंदाची उचल घ्यायची की नाही, आणि घेतली तर तिचा निम्मा वाटा तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर जमा करायला मुकादम तयार आहे का. मुलांची शाळा कोणत्या गावी. या चौघांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर चहा घ्यावा आणि लेकीला संध्याकाळच्या एस.टी.त न बसवता उठावे.